कोशकार मोल्सवर्थ साहेब, आणि गाण्याखेळांची नावे

परंडा व बार्शी ह्या बाजूच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक वाद वरचेवर निघत असतो. नाताळ जवळ आला, किंवा सुगीच्या उपासनेचा दिवस ठरला, म्हणजे त्या रात्री काय करावे व त्यास काय म्हणावे, ह्याविषयी बोलणे चालते. कोणी म्हणतो कीर्तन करावे. दुसरा म्हणतो, कीर्तन हा शब्द आपला नव्हे, नुसते गायन म्हणावे. तिसऱ्यास हलगी व डफ ह्यांचा आवाज कानी पडताच तमाशा आठवतो, आणि तो सगळ्यालाच तमाशा म्हणून मोकळा होतो. ह्या वादात कित्येक वेळा भावाचे मन भावाविषयी कडू होते, आणि पुढल्या रविवारी एखादे घर उपासनेस येत नाही. म्हणून हा वाद लहान समजून सोडून देणे बरे नाही, असे आम्हांस वाटते.

ह्या वादाच्या मुळाशी पाहिले तर शब्दांविषयीचे अज्ञान दिसते. ज्या गोष्टीस आपण नाव देतो ती गोष्ट काय आहे, आणि जे नाव देतो त्या नावात काय साठविले आहे, ह्याचा विचार फार थोडे लोक करतात. ज्या एका परदेशी ख्रिस्ती गृहस्थाने हा विचार सारा जन्म केला, आणि मराठी शब्द न् शब्द नम्रपणे मराठी माणसाच्या तोंडून शिकून घेतला, त्याचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवतो. त्यांचे नाव जेम्स टॉमस मोल्सवर्थ. त्यांचा मराठी-इंग्रजी कोश आजही शाळामास्तरांच्या, वकिलांच्या व पाळकांच्या फळीवर दिसतो. परंतु त्या कोशाच्या पाठीमागे कसा मनुष्य उभा होता, हे पुष्कळांस ठाऊक नाही.

मोल्सवर्थ साहेबांचा जन्म इंग्लंडात १७९५ साली झाला. वयाच्या सोळासतराव्या वर्षी, म्हणजे १८१२ साली, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील फौजेत नोकरीस आले. त्या वयाची आमची मुले अजून शाळेत असतात. हा मुलगा हजारो कोस दूर, अनोळखी मुलखात, कमरेस तलवार बांधून उभा राहिला. कंपनीच्या फौजेत पुष्कळ तरुण अंमलदार येत. त्यांपैकी बहुतेक जण हुकूम देण्यापुरती व बाजारहाट करण्यापुरती देशी भाषा शिकून थांबत. मोल्सवर्थ साहेब थांबले नाहीत. मराठी व हिंदुस्थानी ह्या दोन्ही भाषांचा त्यांनी मनापासून अभ्यास केला.

१८१८ साल आमच्या देशाच्या इतिहासात मोठे आहे. त्या साली पेशव्यांचे राज्य बुडाले आणि सोलापूर कंपनीच्या हाती आले. त्याच साली सोलापुरास असताना मोल्सवर्थ साहेबांनी मराठी शब्दांचा संग्रह करण्यास आरंभ केला. ही गोष्ट परंड्याच्या वाचकांनी लक्षात ठेवावी. परंड्याहून बार्शीवरून जी वाट सोलापुरास जाते, तिच्या दुसऱ्या टोकास ह्या थोर कामाचा पाया घातला गेला. त्या वेळी परंडा निजामाच्या राज्यात होते व सोलापूर कंपनीच्या. पण सरहद्दीच्या दोन्ही बाजूंस जात्यावरची ओवी एकच होती. राज्ये वाटली गेली तरी भाषा वाटली गेली नाही. जिंकणाऱ्यांच्या बाजूचा हा तरुण, जिंकलेल्यांच्या भाषेपुढे विद्यार्थी होऊन बसला. युद्धाच्या साली घडलेल्या गोष्टींत ही एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

आमच्या ह्या मुलखात शब्दांची केवढी संपत्ती पडून होती, हे नुसत्या गाण्याखेळांच्या नावांवरून पाहावे. तुळजापूरची भवानी जवळच. म्हणून घरोघरी लग्नकार्यानंतर गोंधळ. खंडोबाच्या नावाने जागरण, त्यात वाघ्या व मुरळी. भैरवनाथाच्या नावाने डौरावर भराड. पहाटे वासुदेवाची फेरी. एकादशीस टाळ, वीणा व पखवाज घेऊन भजन व कीर्तन. परंडा तालुक्यातच डोमगाव येथे रामदासांचे शिष्य कल्याण स्वामी ह्यांची समाधी आहे; गुरूने सांगावे व शिष्याने लिहून घ्यावे अशी त्यांची कीर्ती असून तेथे कथानिरूपणाची परंपरा चालत आली. जत्रेत शाहिराचा डफ व तुणतुणे, त्यावर पोवाडा व लावणी. फडावर तमाशा, त्यात आधी गण, मग गौळण, बतावणी, आणि शेवटी वग.

ही नावे एका मुळाची नाहीत. ओवी, पोवाडा, गोंधळ हे मराठीच्या अंगणात वाढलेले शब्द आहेत. कीर्तन, भजन, नाटक हे संस्कृतातून आले. तमाशा, शाहीर, डफ हे अरबीतून व सनई फारसीतून आली. आणि ती येण्यास परंड्यासारखी ठाणीच कारण झाली. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर निजामशाहीची गादी काही काळ परंड्याच्या किल्ल्यात होती, हे येथल्या पोराबाळांसही ठाऊक आहे. जेथे दरबार गेला तेथे त्याची भाषाही गेली. मोल्सवर्थ साहेबांच्या कोशात शब्दापाशी तो संस्कृत, अरबी, फारसी की हिंदुस्थानी, हे दाखविणारी खूण दिलेली असते. शब्दाचे कूळ सांगावे, परंतु कुळावरून त्यास पंगतीतून उठवू नये, असा त्यांचा रिवाज होता. ख्रिस्ती मंडळीसही ह्यात शिकण्यासारखे काही आहे.

त्यांच्या पूर्वी मराठीचे कोश झाले नव्हते असे नाही. श्रीरामपूरचे प्रसिद्ध मिशनरी डॉक्टर विल्यम केरी ह्यांनी वैजनाथ पंडितांच्या साह्याने मराठी-इंग्रजी कोश केला. तो १८१० साली मोडी अक्षरांत छापला गेला. त्यानंतर १८२४ साली केनेडी साहेबांचा कोश निघाला. हे दोन्ही कोश उपयोगी होते, पण लहान होते. मोल्सवर्थ साहेबांच्या मनात जो कोश होता तो सगळ्या महाराष्ट्राचा, दरबारापासून खळ्यापर्यंतचा होता. त्यांनी सरकारास विनंती केली, आणि १८२५ सालापासून त्यांस सरकारी आश्रय मिळून ते काम हाती घेता आले. टॉमस कँडी व जॉर्ज कँडी हे जुळे बंधू त्यांच्या मदतीस आले, आणि ब्राह्मण शास्त्र्यांची एक मंडळी कामास बसली.

ह्या शास्त्र्यांचे उपकार आम्ही विसरू नयेत. कोशावर नाव साहेबांचे पडले, पण शब्दाचा अर्थ तोलून पाहणारे कान व तो पारखणारी जीभ पुष्कळ अंशी ह्या शास्त्र्यांची होती. जगन्नाथशास्त्री क्रमवंत व त्यांचे सोबती ह्यांनी मराठीचा मराठीतच अर्थ सांगणारा कोश तयार केला, तो १८२९ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३१ साली, मुंबईत मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश छापून निघाला. सोलापुरास पहिला शब्द टिपून घेतल्यास तेरा वर्षे झाली होती. तेरा पावसाळे एका कामावर काढणे हे शेतकरी वाचकांस सांगावयास नको. झाड लावणारा फळाची वाट पाहतो तशी ही वाट होती.

आता त्या कोशात असे काय विशेष आहे, ते आमच्या विषयास धरून सांगतो. गोंधळ हा शब्द त्यात पाहिला तर दोन अर्थ सापडतात. पहिला, देवीच्या प्रीत्यर्थ वाजतगाजत होणारा उत्सव. दुसरा, गडबड, अव्यवस्था. बोलताना आपण रोज दुसराच अर्थ वापरतो; मुलांनी घरात गोंधळ केला असे म्हणतो. पण ज्याने गोंधळ पाहिला आहे त्यास ठाऊक आहे की त्यात अव्यवस्था मुळीच नसते. चौक भरतात, कलश मांडतात, दिवटी पेटवितात; संबळ व तुणतुणे ह्यांच्या साथीवर देवदेवतांस नावानिशी बोलावतात; मग आख्यान लागते, आणि शेवटी आरती होते. गोंधळ्यांत कदमराई व रेणुराई अशी दोन घराणी सांगतात. इतकी शिस्त असताना त्याच शब्दास गडबड हा अर्थ का चिकटला? कारण ज्यास आतली रीत कळत नाही, त्याच्या कानी नुसता गलबला पडतो.

हे एकाच शब्दाचे झाले नाही. तमाशा म्हणजे पाहण्याजोगा देखावा, खेळ. पण एखाद्याचा तमाशा करणे म्हणजे त्याची फजिती करणे. पोवाडा म्हणजे वीराची किंवा गुणवंताची गाऊन केलेली वाखाणणी. पण कोणी आपलेच रडगाणे लांबवीत बसला म्हणजे तो पोवाडा गातो असे म्हणतात. भारूड म्हणजे रूपकाने परमार्थ सांगणारी रचना. पण कंटाळवाण्या बोलण्यासही लोक भारूड म्हणतात. नाटक म्हणजे रंगभूमीवरचा प्रयोग. पण नाटक करणे म्हणजे सोंग आणणे. पाहा, गाण्याखेळांच्या बहुतेक नावांस एक सरळ अर्थ व एक हेटाळणीचा अर्थ आहे. पहिला अर्थ करणाऱ्यांचा आहे, आणि दुसरा लांबून पाहणाऱ्यांचा आहे.

खऱ्या कोशकाराची परीक्षा येथेच होते. तो दोन्ही अर्थ लिहितो, आणि आधी करणाऱ्यांचा लिहितो. मोल्सवर्थ साहेब ख्रिस्ती होते. देवीच्या गोंधळात त्यांस भाग घ्यावयाचा नव्हता. तरी ती गोष्ट तिच्या लोकांत जशी आहे तशी नमूद करणे हे त्यांनी आपले कर्तव्य मानले. लबाडीची साक्ष देऊ नये ही आज्ञा शेजाऱ्याच्या धर्मास व त्याच्या गाण्यासही लागू आहे. आमचा एखादा प्रचारक चावडीपुढे उभा राहून शेजाऱ्याच्या सगळ्या गाण्याबजावण्यास एका शब्दात तमाशा म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या लक्षात एवढेच येते की ह्या मनुष्यास आमच्या घरचे काही ठाऊक नाही. मग पुढे त्याने तारणाची गोष्ट कितीही गोड सांगितली तरी कान मिटलेले असतात. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात हाच मुद्दा काढला आहे. जगात वाणीचे प्रकार पुष्कळ आहेत आणि कोणताही अर्थावाचून नाही. पण तो अर्थ मला ठाऊक नसेल तर बोलणाऱ्याच्या दृष्टीने मी परका ठरतो, असा त्याचा भाव आहे.

समानार्थी म्हणून जे शब्द आपण सरसकट वापरतो, त्यांचेही असेच आहे. पुराण, प्रवचन, निरूपण, कीर्तन, कथा, भजन, व्याख्यान हे शब्द एकाच टोपलीत टाकण्याची सवय आहे. पण प्रत्येकाची जागा निराळी आहे. पुराणिक पोथी पुढे ठेवून बसून सांगतो. प्रवचनकारही बसूनच एखाद्या वचनाचा अर्थ उलगडतो; त्यात गाणे नसले तरी चालते. कीर्तनकार मात्र उभा राहतो. गाणे, बोलणे व अभिनय ही तिन्ही त्याच्यापाशी लागतात. नारदीय पद्धतीच्या कीर्तनात पूर्वरंगी तत्त्वाचा विचार होतो, आणि उत्तररंगी त्या तत्त्वास साजेसे आख्यान लागते. वारकरी कीर्तनात एक अभंग धरून टाळकऱ्यांच्या साथीने त्याचेच विवरण चालते. भजनात सांगणारा एक व ऐकणारे अनेक असा भेद नसतो, सारेच गातात. व्याख्यानात कोणीच गात नाही.

म्हणून नाव हे एक प्रकारचे वचन आहे. गावात दवंडी दिली की आज रात्री कीर्तन आहे, तर लोक वीणा, टाळ व आख्यान ह्यांच्या आशेने घोंगडी घेऊन येतात. तेथे आम्ही नुसते तासभर व्याख्यान दिले, तर त्यांस आपण फसलो असे वाटते, आणि ते वाटणे अयोग्य नाही. उलट, भजन आहे असे सांगून एकट्यानेच गात राहिलो, तर बायामाणसांच्या व मुलांच्या तोंडचे गाणे आम्ही काढून घेतले असे होते. ज्याने जे नाव दिले त्याने ते पाळावे. पौलानेही इफिस व कलस्सै येथील मंडळ्यांस लिहिताना स्तुतीच्या गाण्यांची तीन निरनिराळी नावे घेतली आहेत. एकाने काम भागले असते तर त्याने तीन लिहिली नसती.

आता चरित्राकडे वळू. मराठी-इंग्रजी कोश संपल्यावर मोल्सवर्थ साहेबांनी लगेच इंग्रजी-मराठी कोशास हात घातला. पण श्रमाने त्यांची प्रकृती ढासळली, आणि १८३६ साली त्यांस काम अर्धे टाकून स्वदेशी जावे लागले. अर्धे राहिलेले काम टॉमस कँडी साहेबांनी पुढे नेले, आणि तो कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला. मराठी लिहिताना आज आपण जी स्वल्पविरामादि चिन्हे घालतो, तीही मराठीत रुजविण्याचे श्रेय ह्याच कँडी साहेबांस आहे. एकाने पेरावे व दुसऱ्याने कापावे, ह्याचे हे एक उदाहरण होय.

ह्याच काळात मोल्सवर्थ साहेबांच्या अंतःकरणात एक मोठा पालट झाला होता. शास्त्राभ्यास व प्रार्थना करीत असता, शस्त्र धारण करण्याची नोकरी ख्रिस्ताच्या शिष्यास शोभत नाही, अशी त्यांची खात्री झाली. त्यांनी ती नोकरी सोडली. पदवी, मान व भविष्यकाळची निश्चिंती हे सर्व एका खात्रीपायी त्यांनी दूर केले. आमच्या मंडळ्यांत असे पुष्कळ वडील आहेत की ज्यांनी प्रभूकरिता वतन, भाऊबंद किंवा गावकीचा मान गमावला. त्यांस ह्या गोष्टीची किंमत अधिक कळेल. सरदाराचे पद सोडणे व बलुते सोडणे ह्यांत जगाच्या दृष्टीने अंतर असेल. प्रभूच्या दृष्टीने नाही.

नोकरी सोडली तरी मराठी सुटली नाही. कोशाची दुसरी आवृत्ती काढावी असे ठरले, तेव्हा त्या कामाकरिता ते १८५१ साली पुनः ह्या देशात आले. तेव्हा त्यांचे वय छपन्न वर्षांचे होते. तरुणपणी शिपाई म्हणून आलेला मनुष्य उतारवयात केवळ शब्दांचा सेवक म्हणून परत आला. त्यांनी जुन्या कोशातील शब्द न् शब्द पुन्हा तपासला आणि हजारो नवे शब्द घातले. ही आवृत्ती १८५७ साली मुंबईत एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात छापली गेली. तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत, आणि आरंभी डॉक्टर जॉन विल्सन ह्यांचा मराठी भाषेविषयीचा निबंध जोडला आहे. त्या साली उत्तरेकडे तलवारी चालल्या होत्या व दोन्ही बाजूंस रक्त सांडत होते. ज्याने तलवार ठेवून दिली होती, त्याच्या हातून त्याच साली हा ग्रंथ पुरा झाला.

पुढे १८६० साली ते इंग्लंडास परत गेले, आणि १८७१ साली तेथेच प्रभूमध्ये निजले. त्यांच्या कोशाची ती दुसरी आवृत्ती पुण्यास १९७५ साली पुन्हा छापली गेली. आता तर शिकागो येथील विद्यापीठाने तो कोश संगणकावर सर्वांस खुला केला आहे. परंड्याच्या बाजारात बसून हातातील फोनवर त्यातील शब्द पाहता येतो.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. कोश कितीही मोठा असो, भाषा त्याच्या पुढे चालत राहते. पहिली आवृत्ती निघाली तेव्हा मराठी रंगभूमीचा जन्म झाला नव्हता. विष्णुदास भावे ह्यांनी सांगलीस सीतास्वयंवराचा खेळ केला तो १८४३ साली, म्हणजे तिच्यानंतर बारा वर्षांनी. अण्णासाहेब किर्लोस्कर ह्यांचे शाकुंतल १८८० साली रंगभूमीवर आले आणि संगीत नाटक हे नाव घरोघरी झाले, तेव्हा मोल्सवर्थ साहेबांस जाऊन नऊ वर्षे झाली होती. त्या संगीत नाटकांनी साकी, दिंडी, अभंग, लावणी ह्या जुन्याच चाली घेऊन त्यांत नवा जीव घातला. ह्यावरून दिसते की गाण्याची रीत ही घागरीसारखी आहे. घागर तीच राहते. तिच्यात कोणत्या विहिरीचे पाणी भरावे हे भरणाऱ्यावर असते.

मोल्सवर्थ साहेबांच्या कामाचा वारसा आमच्याच एका मराठी ख्रिस्ती बंधूने घेतला, हे सांगताना आम्हांस आनंद वाटतो. बेळगावचे बाबा पदमनजी, ज्यांचा जन्म मोल्सवर्थ साहेबांचा कोश निघाला त्याच १८३१ साली झाला, त्यांनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला. १८६० साली त्यांनी शब्दरत्नावली नावाचा समानार्थी शब्दांचा ग्रंथ केला, आणि १८६३ साली मोल्सवर्थ कोशाचा संक्षेप काढला, तो शाळेच्या मुलांच्याही हाती पडू लागला. धर्मांतराने मनुष्य आपल्या भाषेस पारखा होतो असे जे म्हणतात, त्यांस पदमनजींचे हे दोन ग्रंथ पुरेसे उत्तर आहेत.

अहमदनगरकडील कृष्णराव रत्नोजी सांगळे ह्यांनी प्रभूच्या चरित्रावर कीर्तने रचली व गाइली. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी, जे १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन १९१९ पर्यंत प्रभूची सेवा करीत राहिले, अभंग व ओवी ह्या संतांच्या वाटेने ख्रिस्ताचे गुण गाइले. त्यांनी कीर्तन हे नाव घेतले तेव्हा कीर्तनाची रीतही घेतली. पूर्वरंग टाकला नाही, आख्यान टाकले नाही, वीणा व टाळ टाकले नाहीत. नाव व वस्तू ह्यांचा मेळ ठेवला म्हणूनच त्यांच्या कीर्तनास इतर धर्मांचे लोकही बसत.

ह्या सर्वांवरून आमच्या वादाचा निकाल कसा लागतो? आमचे मत आम्ही नम्रपणे सांगतो. काही नावांत पूजाच गुंफलेली आहे. गोंधळ हा देवीचा, जागरण हे खंडोबाचे, भराड हे भैरवाचे. ही नावे आपल्या उपासनेस लावू नयेत. लावली तर आपण प्रभूस फसवितो आणि शेजाऱ्यासही फसवितो, कारण ती त्याची ठेव आहे. परंतु ओवी, अभंग, पद, पोवाडा, भजन व कीर्तन ही रीतींची नावे आहेत. ह्या घागरी रिकाम्या होऊ शकतात व नव्याने भरताही येतात. त्या घेण्यास लाजू नये. मात्र घेतल्यास त्यांची रीत शिकून घ्यावी.

वाद्यांविषयीही हेच. दानिएलाच्या पुस्तकात नबुखद्नेस्सराच्या मूर्तीपुढे जी वाद्ये वाजली, त्यांच्याच जातीची वाद्ये शेवटल्या स्तोत्रात परमेश्वराच्या स्तुतीस बोलाविली आहेत. दोष तारेत किंवा कातड्यात नसतो. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ घरांत पूर्वी हलगी, सनई व डफ पिढ्यान्पिढ्या वाजत असत. बापाने बाप्तिस्म्याच्या दिवशी हलगी खुंटीस टांगली, आणि मुलाने ती कधी काढली नाही. बापाने ती का टांगली हे आम्ही समजतो. मेलेल्या जनावराच्या वाट्याशी, गावकीच्या अपमानाशी व देवळाबाहेर उभे राहण्याशी ती हलगी बांधलेली होती. ज्यास ती नको असेल त्यास कोणी आग्रह करू नये. पण ज्या नातवास आज ती प्रभूच्या दारी वाजवावीशी वाटते, त्यास तमाशा ह्या एका शब्दाने गप्प करणे हाही अपमानच आहे, आणि हा अपमान तर आम्ही आमच्याच माणसाचा करतो.

प्रचारक बंधूंस आमची विशेष विनंती आहे. ज्या गावी तुम्ही राहता तेथील गाण्याखेळांची नावे एका वहीत लिहून काढा. कोणत्या जातीचे लोक ते गातात, कोणते वाद्य लागते, केव्हा बसतात, केव्हा उठतात, आणि त्या नावाचा सरळ अर्थ कोणता व हेटाळणीचा कोणता, हे वडीलधाऱ्यांस व आजीबाईंस विचारून टिपून ठेवा. जात्यावरच्या ओव्या ज्यांस येतात त्या आज्या दरसाल कमी होत आहेत. तो तरुण शिपाई सोलापुरास हेच करीत होता. त्यास ही भाषा परकी होती. तुमच्या तर ती आईच्या दुधातून आली आहे. विचारावयास गेलात म्हणजे शेजारी दाराशी बसवून घेईल, आणि ज्याचे आपण ऐकले तो पुढे आपलेही ऐकतो, असा अनुभव आहे.

ज्या प्रभूने पेन्टेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकास त्याच्या जन्मभाषेत आपली महत्कृत्ये ऐकविली, तो आम्हां सर्वांस शेजाऱ्याचा शब्द समजून घेण्याचे प्रेम व आपला शब्द पाळण्याचे सामर्थ्य देवो. आमेन.